गणितातील पदव्युत्तर अभ्यासक्रमाची निवड : पर्याय, निकष आणि महाविद्यालयीन प्राध्यापकांची भूमिका

सारांश

बी.एस्सी. गणित पूर्ण करणाऱ्या विद्यार्थ्याने पुढील शिक्षण कोठे व कोणत्या स्वरूपात घ्यावे, हा निर्णय बहुधा निकालानंतरच्या घाईत घेतला जातो. प्रस्तुत लेखात भारतातील प्रमुख पर्याय, त्यांच्या प्रवेशपरीक्षांचे स्वरूप, अभ्यासक्रम पारखण्याचे निकष आणि आर्थिक बाजू यांचा परिचय करून दिला आहे. या निवडीत पदवी स्तरावरील प्राध्यापकाचा सल्ला अनेकदा निर्णायक ठरतो. म्हणून त्याने कोणत्या वर्षी काय सांगावे, याचीही मांडणी केली आहे.

बीजशब्द : एम.एस्सी. गणित, एकात्मिक पीएच.डी., जॅम, नेट-सेट, मार्गदर्शन.

१. प्रस्तावना

"सर, एम.एस्सी. कुठे करू?" हा प्रश्न गणिताच्या प्राध्यापकाला दरवर्षी निकालाच्या सुमारास ऐकावा लागतो. प्रश्न विचारणारा विद्यार्थी बहुधा गुणपत्रिका हातात घेऊन आलेला असतो आणि आपण गुणांकडे पाहून, गावापासूनचे अंतर विचारून, एखाद्या महाविद्यालयाचे वा विद्यापीठाचे नाव सांगून मोकळे होतो. या पाच मिनिटांच्या संभाषणावर त्याची पुढील दोन ते सात वर्षे अवलंबून असतात, याची जाणीव आपल्याला त्या वेळी क्वचितच असते.

प्रस्तुत लेखकाचा एक अनुभव येथे नमूद करणे उचित होईल. काही वर्षांपूर्वी एका अत्यंत हुशार विद्यार्थिनीने तृतीय वर्षाच्या जानेवारी महिन्यात आय.आय.टी.च्या प्रवेशपरीक्षेविषयी विचारणा केली. अर्ज करण्याची मुदत ऑक्टोबरमध्येच संपून गेली होती आणि ही गोष्ट तिला मी आधी सांगावयास हवी होती. वर्ष वाया घालविणे घरच्यांना मान्य नव्हते. तिने जवळच्या महाविद्यालयात एम.एस्सी. केले, उत्तम श्रेणी मिळविली. परंतु सेट परीक्षा उत्तीर्ण होण्यासाठी तिला पुढे चार वर्षे स्वतंत्र अभ्यास करावा लागला. कारण त्या परीक्षेत विचारले जाणारे गणित आणि दोन वर्षे लिहिलेले गणित यांत फार अंतर होते. उणीव तिच्या बुद्धीत नव्हती, माहितीच्या अभावात होती. आणि ती माहिती देणे हे माझे काम होते. हा लेख त्या चुकीतून सुचलेला आहे.

२. पदवी कशासाठी : पहिला प्रश्न

संस्थांची यादी पाहण्यापूर्वी विद्यार्थ्याकडून एका प्रश्नाचे उत्तर मिळविणे आवश्यक असते, ते म्हणजे एम.एस्सी.नंतर त्याला काय करावयाचे आहे. स्थूलमानाने चार प्रकारची उत्तरे मिळतात. पहिले, महाविद्यालयात अध्यापन. दुसरे, शुद्ध वा उपयोजित गणितात संशोधन. तिसरे, विदाविश्लेषण, वित्त, विमा, संगणक यांसारख्या क्षेत्रांत नोकरी. आणि चौथे, स्पर्धा परीक्षांची तयारी करीत असताना हाती एक पदवी असावी एवढाच हेतू.

यांपैकी प्रत्येकासाठी योग्य अभ्यासक्रम वेगळा आहे. अध्यापनाचा विचार असेल तर नेट अथवा सेट ही अर्हता डोळ्यांसमोर ठेवावी लागते. संशोधनाची ओढ असेल तर एम.एस्सी. ही स्वतंत्र पदवी न मानता पीएच.डी.च्या वाटेवरील पहिला टप्पा मानणे हितावह असते. नोकरीचा विचार असेल तर संभाव्यता, संख्याशास्त्र, इष्टतमीकरण व संगणकीय गणित हे विषय ऐच्छिक म्हणून उपलब्ध आहेत की नाहीत, हे पाहावे लागते. चौथ्या प्रकारच्या विद्यार्थ्याला दूरच्या व खडतर अभ्यासक्रमात पाठविणे त्याच्यावर आणि त्या जागेवर अन्याय करणारे ठरते.

अर्थात, वीस वर्षांच्या विद्यार्थ्याला या प्रश्नाचे ठाम उत्तर देता येईलच असे नाही. तसे असल्यास ज्या अभ्यासक्रमात पाया विस्तृत असेल व पुढील वाटा खुल्या राहतील, तो निवडावा.

३. उपलब्ध पर्यायांचे स्वरूप

३.१ विद्यापीठीय विभाग व संलग्न महाविद्यालये

महाराष्ट्रातील बहुसंख्य विद्यार्थी याच मार्गाने जातात. विद्यापीठाचा विभाग आणि संलग्न महाविद्यालयातील पदव्युत्तर केंद्र यांचा अभ्यासक्रम कागदावर अनेकदा सारखा असतो; फरक असतो तो अध्यापकवर्ग, ग्रंथालय आणि सहाध्यायी यांत. अनेक महाविद्यालयांतील पदव्युत्तर वर्ग विनाअनुदानित तत्त्वावर चालतात व तेथील अध्यापक तासिका तत्त्वावर नेमलेले असतात. त्यांच्यापैकी कित्येक जण अतिशय तळमळीने शिकवितात, हे निर्विवाद आहे. तथापि दरवर्षी अध्यापक बदलत असतील, तर ऐच्छिक विषयांची निवड विद्यार्थी करीत नसून उपलब्ध अध्यापक करतो, हेही विसरता येत नाही.

केंद्रीय विद्यापीठे हा याच गटातील एक उपेक्षित पर्याय आहे. हैदराबाद विद्यापीठासारख्या संस्थांतील प्रवेश २०२२ पासून सुरू झालेल्या सी.यू.ई.टी.-पी.जी. या सामाईक परीक्षेद्वारे होतात. शुल्क तुलनेने कमी असते आणि वसतिगृहाची सोय असते. तरीही आपल्याकडील विद्यार्थ्यांना या परीक्षेची माहिती फारशी नसते.

३.२ जॅम परीक्षेद्वारे प्रवेश

आय.आय.टी.मधील एम.एस्सी. प्रवेशासाठी २००४ पासून 'जॅम' ही सामाईक परीक्षा घेतली जाते. एन.आय.टी. व इतर काही संस्थांतील प्रवेशांसाठी तसेच बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या एकात्मिक पीएच.डी.साठीही जॅममधील गुण विचारात घेतले जातात. गणित आणि गणितीय संख्याशास्त्र या दोन स्वतंत्र प्रश्नपत्रिका आहेत, ही बाब विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावी.

गणिताची प्रश्नपत्रिका तीन तासांची, १०० गुणांची व ६० प्रश्नांची असते. पहिल्या विभागात एकच अचूक पर्याय असलेले ३० प्रश्न, दुसऱ्यात एकाहून अधिक अचूक पर्याय असू शकणारे १० प्रश्न आणि तिसऱ्यात संख्यात्मक उत्तराचे २० प्रश्न असतात. चुकीच्या उत्तरासाठी गुण वजा होतात ते केवळ पहिल्या विभागात. दुसऱ्या विभागात मात्र सर्व अचूक पर्याय निवडल्याखेरीज गुण मिळत नाहीत.

३.३ संशोधनप्रधान संस्था

भारतीय सांख्यिकी संस्थेची स्थापना १९३१ मध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी केली आणि १९५९ च्या कायद्याने तिला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळाला. तेथील एम.मॅथ. हा अभ्यासक्रम देशातील सर्वांत कसदार अभ्यासक्रमांपैकी एक मानला जातो. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट ही संस्था सी. एस. शेषाद्री यांच्या पुढाकाराने १९८९ मध्ये सुरू झाली व २००६ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. या दोन्ही संस्था स्वतःची प्रवेशपरीक्षा घेतात. या परीक्षांत पर्यायी प्रश्नांबरोबरच सविस्तर सिद्धता लिहावयाचे प्रश्नही असतात.

मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था १९४५ मध्ये स्थापन झाली. तिची गणित शाखा आणि बंगळूर येथील उपयोज्य गणित केंद्र यांच्या प्रवेशासाठीची लेखी परीक्षा सर्वसाधारणपणे डिसेंबरमध्ये होते व त्यानंतर मुलाखत असते. चेन्नईची गणितीय विज्ञान संस्था, प्रयागराजची हरिश्चंद्र संशोधन संस्था व पुण्याची आयसर (स्थापना २००६) या संस्थाही याच प्रकारात मोडतात.

३.४ एकात्मिक पीएच.डी.

बी.एस्सी.नंतर थेट प्रवेश, पहिली दोन वर्षे पदव्युत्तर अभ्यास व त्यानंतर संशोधन, अशी या अभ्यासक्रमांची रचना असते. विद्यावेतन मिळत असल्याने आर्थिक चिंता कमी होते. मात्र संशोधनाचा निर्णय वयाच्या विसाव्या वर्षी घ्यावा लागतो. मध्येच थांबल्यास एम.एस्सी. पदवी देण्याची तरतूद कोणत्या संस्थेत आहे व कोणत्या अटींवर, याची लेखी माहिती प्रवेशापूर्वी घेणे अगत्याचे आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार चार वर्षांची ऑनर्स पदवी घेणाऱ्यांसाठी एक वर्षाचे एम.एस्सी. शक्य झाले आहे. तसेच विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार चार वर्षांच्या पदवीत किमान ७५ टक्के गुण असलेला विद्यार्थी थेट पीएच.डी. प्रवेशासाठी पात्र ठरतो. पात्रता आणि सिद्धता या भिन्न गोष्टी आहेत, हे मात्र त्याला समजावून सांगावे लागते. वाचलेले एक वर्ष पुढे मूलभूत विषय भरून काढण्यातच गेले, तर लाभ काहीच होत नाही.

४. अभ्यासक्रम कसा पारखावा

संस्थेचे नाव व मूल्यांकन श्रेणी यांपेक्षा पुढील गोष्टी पाहणे अधिक उपयुक्त ठरते.

(अ) गाभ्याचे विषय. वास्तव विश्लेषण, मेझर थिअरी, संमिश्र विश्लेषण, रैखिक बीजगणित, गट-वलय-क्षेत्र यांचे बीजगणित, टोपॉलॉजी, फंक्शनल अ‍ॅनालिसिस आणि अवकल समीकरणे हे विषय अनिवार्य आहेत काय, हे पाहावे. गॅल्वा सिद्धांत शिकविला जातो काय आणि बहुचल विश्लेषणात व्यस्त फलनाच्या सिद्धांताची सिद्धता होते काय, हे दोन प्रश्न विचारले तरी अभ्यासक्रमाच्या खोलीचा पुष्कळसा अंदाज येतो. मेझर थिअरी ऐच्छिक असेल, तर पुढे संभाव्यता किंवा आंशिक अवकल समीकरणे यांत संशोधन करू इच्छिणाऱ्याने ती स्वतःहून निवडली पाहिजे.

(आ) मागील प्रश्नपत्रिका. पाठ्यविषयांची यादी आणि प्रत्यक्ष परीक्षा यांत मोठी तफावत असू शकते. उदाहरणार्थ, सायलोच्या सिद्धांतांवर तीन प्रकारे प्रश्न विचारता येतात. एक, सिद्धांत लिहून सिद्ध करा. दोन, १५ कोटीचा प्रत्येक गट चक्रीय असतो हे दाखवा. तीन, १५ साठी वापरलेला युक्तिवाद २१ साठी कोठे अडतो ते सांगा. पहिल्याचे उत्तर पाठांतराने देता येते. दुसऱ्यासाठी सिद्धांत वापरता आला पाहिजे : ३ कोटीच्या सायलो उपगटांची संख्या ५ ला भागणारी व ३ ने भागल्यास १ उरणारी, म्हणजे १ च, ५ कोटीच्या बाबतीतही तसेच. तिसऱ्यात विद्यार्थ्याला कळावे लागते की २१ च्या बाबतीत ३ कोटीच्या उपगटांची संख्या १ किंवा ७ असू शकते आणि येथेच अक्रमविनिमेय गटाला जागा मिळते. ज्या संस्थेच्या प्रश्नपत्रिकांत केवळ पहिलाच प्रकार आढळतो, तेथील उच्च श्रेणी नेट परीक्षेत उपयोगी पडत नाही.

हेच विश्लेषणाच्या बाबतीतही खरे आहे. बंदिस्त व बद्ध अंतरालावरील सतत फलन एकसमान सतत असते, हा सिद्धांत बहुतेक सर्व विद्यार्थ्यांना पाठ असतो. परंतु ० ते १ या खुल्या अंतरालावरील बद्ध सतत फलन एकसमान सतत असते काय, असे विचारताच अनेक जण होकार देतात. १/एक्स ची ज्या घेतली की हा होकार कोसळतो, कारण शून्याजवळ ते फलन कितीही लहान अंतरात +१ पासून −१ पर्यंत जाते. प्रत्येक अटीसाठी प्रत्युदाहरण शोधण्याची सवय ज्या वर्गात लावली जाते, तो वर्ग चांगला समजावा.

(इ) उदाहरणांचे तास व परिसंवाद. व्याख्यानांखेरीज उदाहरणे सोडविण्याचे स्वतंत्र तास, विद्यार्थ्यांचे परिसंवाद व शेवटच्या सत्रातील प्रकल्प यांना वेळापत्रकात खरोखर स्थान आहे काय, हे तेथील विद्यार्थ्यांकडूनच कळू शकते. प्रवेशापूर्वी तेथे शिकणाऱ्या निदान दोघांशी बोलावयास विद्यार्थ्याला सांगावे.

(ई) अध्यापक आणि त्यांचे कार्य. पीएच.डी.च्या बाबतीत हा निकष सर्वांत महत्त्वाचा आहे. श्रीराम अभ्यंकर मुंबईतून १९५१ मध्ये पदवी घेऊन हार्वर्डला गेले आणि ऑस्कर झरिस्की यांच्या मार्गदर्शनाखाली १९५५ मध्ये पीएच.डी. झाले. बैजिक भूमितीतील त्यांचे पुढील आयुष्यभराचे काम झरिस्कींनी दाखविलेल्या प्रश्नांतूनच वाढले. संस्था मोठी होती हे खरे, पण दिशा ठरली ती व्यक्तीमुळे. मार्गदर्शकाने गेल्या काही वर्षांत काय प्रकाशित केले, त्यांचे विद्यार्थी किती काळात पदवी मिळवतात आणि नंतर कोठे जातात, हे पाहणे यात कोणताही अविनय नाही.

५. नेट, सेट आणि अध्यापनाची वाट

सी.एस.आय.आर.-यू.जी.सी. नेटची गणितीय विज्ञानाची प्रश्नपत्रिका २०० गुणांची असते. तिच्या 'क' विभागात ६० पैकी २० प्रश्न सोडवावयाचे असून प्रत्येकाला ४.७५ गुण असतात. येथे एकाहून अधिक पर्याय अचूक असू शकतात व सर्व अचूक पर्याय ओळखल्यासच गुण मिळतात. हा विभाग एकटाच ९५ गुणांचा असल्याने संकल्पना पक्क्या नसलेल्या विद्यार्थ्याचा निभाव लागत नाही. महाराष्ट्रातील सेट परीक्षेचे आयोजन सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ करते.

सहायक प्राध्यापक पदाच्या अर्हतेविषयी विद्यार्थ्यांत बराच संभ्रम आहे. २०१८ च्या नियमांनी विद्यापीठीय विभागांसाठी पीएच.डी. अनिवार्य करण्याचे योजले होते. ती तरतूद लांबत गेली आणि १ जुलै २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने नेट, सेट किंवा स्लेट ही किमान अर्हता कायम ठेवली. तथापि किमान अर्हता मिळाली म्हणजे पद मिळाले असे नाही. नियमित पदांची भरती रखडते आणि अर्हताधारक तरुण वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर काम करतात, हे वास्तव विद्यार्थ्यापासून लपवून ठेवू नये. सल्ला देणाऱ्याने आशा दाखवावी, परंतु चित्र अपुरे ठेवू नये.

६. आर्थिक व सामाजिक बाजू

अनेक कुटुंबांत प्रश्न गुणवत्तेचा नसून खर्चाचा असतो. येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. नामवंत संस्था म्हणजे महाग संस्था, हे गणिताच्या बाबतीत नेहमी खरे नसते. भारतीय सांख्यिकी संस्थेत एम.मॅथ.च्या विद्यार्थ्यांना विद्यावेतन देण्याची परंपरा आहे, एकात्मिक पीएच.डी.च्या अभ्यासक्रमांतही विद्यावेतन असते. अणुऊर्जा विभागाने १९८३ मध्ये स्थापन केलेले राष्ट्रीय उच्चतर गणित मंडळ गणिताच्या विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्त्या देत आले आहे. नेटद्वारे कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाल्यास १ जानेवारी २०२३ पासून सुधारलेल्या दराने दरमहा ३७,००० रुपये मिळतात. बार्टी, सारथी व महाज्योती या राज्यातील संस्थांनीही आपापल्या लक्ष्यगटांतील पीएच.डी. संशोधकांसाठी अधिछात्रवृत्तीच्या योजना राबविल्या आहेत. घराजवळच्या विनाअनुदानित वर्गाचे शुल्क, प्रवास व नंतरची खासगी शिकवणी यांची बेरीज केली, तर दूरची संस्था कित्येकदा स्वस्त ठरते. ही बेरीज पालकांसमोर कागदावर मांडून दाखवावी.

मुलींच्या बाबतीत अंतराचा प्रश्न अधिक तीव्र होतो. "एवढ्या लांब कशाला?" या पालकांच्या प्रश्नामागे बहुधा विरोध नसून काळजी असते. वसतिगृहाची लेखी माहिती, तेथे आधी गेलेल्या विद्यार्थिनीशी आईवडिलांचे बोलणे आणि प्राध्यापकाचा स्वतःचा शब्द यांनी ही काळजी पुष्कळ कमी होते. या कामी अर्धा तास देणे, हे अध्यापनाचाच भाग मानावयास हवे.

७. परदेशातील पर्याय

अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत पदवीनंतर थेट पीएच.डी.ला प्रवेश मिळतो आणि अध्यापन साहाय्यकाच्या कामातून शुल्क व निर्वाह यांची सोय होते. मात्र प्रारंभी पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हाव्या लागतात. तीन वर्षांची भारतीय पदवी सर्वत्र ग्राह्य धरली जात नाही, त्यामुळे अनेक जण एम.एस्सी.नंतर जातात. जर्मनीत बहुतेक राज्यांतील सार्वजनिक विद्यापीठे शिक्षणशुल्क घेत नाहीत, पण निर्वाहाची रक्कम आधी दाखवावी लागते. या सर्व ठिकाणी शिफारसपत्राला फार महत्त्व असते. 'विद्यार्थी हुशार व नम्र आहे' एवढे लिहिलेले पत्र निरुपयोगी ठरते. विद्यार्थ्याने कोणता प्रश्न कसा सोडविला, काय स्वतःहून वाचले, हे पत्रात आले पाहिजे.

८. प्राध्यापकांनी काय करावे

वरील विवेचनातून एक गोष्ट स्पष्ट होते, ती म्हणजे तृतीय वर्षाच्या अखेरीस दिलेला सल्ला उशिराचा असतो. जॅमचे अर्ज साधारणतः सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये भरले जातात व परीक्षा फेब्रुवारीत होते. अनेक विद्यापीठांत गटसिद्धांत व वास्तव विश्लेषण यांचा बराच भाग तृतीय वर्षात येतो. म्हणजे सहावे सत्र अर्धेही होत नाही तोच परीक्षा होऊन जाते. म्हणून पुढील क्रम सुचवावासा वाटतो.

प्रथम वर्षात विद्यार्थ्याला सिद्धता वाचण्याची व लिहिण्याची सवय लावावी. माधव गणित स्पर्धेसारख्या स्पर्धेची माहिती द्यावी. द्वितीय वर्षात रैखिक बीजगणित व विश्लेषणाचा अभ्यास पाठ्यक्रमाच्या थोडा पुढे न्यावा आणि उन्हाळ्यातील एम.टी.टी.एस. या प्रशिक्षण शिबिरासाठी अर्ज करावयास सांगावे. प्रा. एस. कुमरेसन यांनी १९९३ मध्ये सुरू केलेल्या या उपक्रमाने ग्रामीण व निमशहरी महाविद्यालयांतील कित्येक विद्यार्थ्यांना गणिताचे खरे स्वरूप प्रथम दाखविले. पुण्यातील भास्कराचार्य प्रतिष्ठान ही १९७६ मध्ये अभ्यंकरांनी स्थापन केलेली संस्थाही या दृष्टीने परिचयाची असावी. तृतीय वर्षाच्या जुलै महिन्यातच सर्व प्रवेशपरीक्षांच्या तारखांचा तक्ता विभागाच्या फलकावर लावावा आणि दर आठवड्याला एक तास मागील प्रश्नपत्रिका सोडविण्यासाठी ठेवावा. यासाठी वेगळ्या निधीची आवश्यकता नाही.

ज्यांना हे प्रवेश मिळत नाहीत, त्यांच्याकडेही लक्ष हवे. स्थानिक केंद्रात एम.एस्सी. करणाऱ्या विद्यार्थ्याने राष्ट्रीय गणित केंद्रामार्फत होणाऱ्या प्रगत प्रशिक्षण शिबिरांना अर्ज केला व गाभ्याच्या विषयांतील उदाहरणे नियमित सोडविली, तर दोन वर्षांत तो बरेच अंतर भरून काढू शकतो. संस्था साहाय्य करते. परंतु गणित अखेरीस स्वतःच करावे लागते.

९. निष्कर्ष

पदव्युत्तर अभ्यासक्रमाची निवड ही गुणांची व संस्थांच्या क्रमवारीची जुळणी नव्हे. उद्दिष्ट, अभ्यासक्रमाचा गाभा, परीक्षेची पद्धत, अध्यापकवर्ग आणि खर्च या पाच बाबी एकत्र पाहूनच ती करावयास हवी. त्यांपैकी एकही बाब विद्यार्थ्याला गुणपत्रिकेतून कळत नाही. ती त्याला कोणीतरी सांगावी लागते. शहरातील विद्यार्थ्याला ती सहाध्यायी, शिकवणीवर्ग वा नातेवाईक यांच्याकडून मिळते. तालुक्याच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्याला ती सांगणारे प्राध्यापकाखेरीज दुसरे कोणी नसते. आपल्याला योग्य वेळी ठाऊक असलेली एक तारीख त्याच्या आयुष्यातील चार वर्षे वाचवू शकते, एवढे ध्यानात ठेवले तरी या लेखाचा हेतू सफल झाला असे म्हणता येईल.